हा पत्ता आपल्याकडे आला कुठून?

आमची टीम छोटी आहे. प्रयोगशाळांमधल्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ती अचूक मोजतात का याच्या तपासणीच्या, नोंदी ठेवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि ज्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं त्यांना स्वतःहून ईमेल लिहितो. ओळख नाही, आधी बोलणं नाही, सरळ पहिला ईमेल. कोल्ड ईमेल म्हणतात तो हाच. या कामाची पत्त्यांची यादी साफ करायला माझ्याकडे आली तेव्हा फाइलमध्ये अकरा हजारांहून जास्त ओळी होत्या. काही प्रदर्शनांत जमवलेल्या कार्डांवरून टाइप केलेल्या, काही वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेल्या, काही जुन्या संपर्क-सॉफ्टवेअरमधून काढलेल्या, काही संस्थांच्या संपर्क पानांवरून उचललेल्या. एक मोठा गठ्ठा माझ्या आधीच कुणीतरी विकत घेऊन ठेवला होता.

विक्री सांभाळणारे सर म्हणाले, "एखाद्या व्हेरिफायरमधून फिरवून घे. हिरवे येतील त्यांना पाठवू."

मी सुरुवात व्हेरिफायरपासून केली नाही. एक तर अशा सेवा पत्त्यामागे पैसे घेतात, त्यामुळे एकच पत्ता चार रूपांत गेला तर चारदा पैसे जातात. दुसरं कारण महत्त्वाचं. पत्ता चालू आहे का, एवढंच व्हेरिफायर सांगतो. त्या पत्त्यावरच्या माणसाला आपण लिहावं का, हे तो सांगत नाही, आणि मला आधी तेच ठरवायचं होतं.

म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवली आणि प्रतीवर काम सुरू केलं. एकही ओळ पुसायची नाही, असं ठरवलं. काढायचं असेल ते निकालाच्या रकान्यात "बाद" लिहून आणि शेजारी कारण लिहून काढायचं. चार नवे रकाने घातले: स्रोत, मिळाल्याची तारीख, निकाल, कारण. स्रोताचा रकाना जवळजवळ पूर्ण रिकामा राहिला, आणि पुढचं बरंचसं काम त्या रिकाम्या रकान्यानेच ठरवलं.

आधी मजकुराची सफाई. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मला आवडतं, कारण इथे केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढे उपयोगी पडते. पत्त्याच्या आगेमागे चिकटलेली मोकळी जागा हा सगळ्यात साधा दोष. स्प्रेडशीटमधलं ट्रिम हे फंक्शन नेहमीची स्पेस काढतं, पण वेबपानावरून कॉपी करताना जी नॉन-ब्रेकिंग स्पेस येते ती तशीच राहते. तिचा क्रमांक १६० असतो आणि ती वेगळी शोधून काढावी लागते. त्याहून लपलेली म्हणजे शून्य रुंदीची स्पेस. डोळ्यांना ती दिसतच नाही, दोन पत्ते हुबेहूब सारखे दिसतात, पण शीट त्यांना वेगळे मानते. पत्त्याची दिसणारी अक्षरं मोजायची आणि लांबीच्या फंक्शनने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायची, म्हणजे असे पत्ते पकडता येतात.

मग बाकीचा गाळ. वेबपानावरच्या दुव्यातून येऊन पत्त्यापुढे राहिलेलं "मेलटू", शेवटचा स्वल्पविराम, कोनी कंस, एकाच चौकटीत तिरप्या रेघेने जोडलेले दोन पत्ते. पीडीएफमधून घेतलेल्या पत्त्यांमध्ये ओळ तुटताना आलेला जोडरेघेचा प्रश्न खरोखर अवघड होता. ती रेघ पत्त्यातलीच की ओळ मोडल्यामुळे आलेली, हे पत्ता बघून कळत नाही. असे सगळे पत्ते मूळ पीडीएफ उघडून तपासले.

काही ओळींत लॅटिन "ए"च्या जागी सिरिलिक लिपीतलं तसंच दिसणारं अक्षर होतं. नेहमीच्या इंग्रजी अक्षरांबाहेरचं काहीही आढळलं की ती ओळ मी वेगळी काढत गेले. पण सरसकट बाद केली नाही, कारण इतर लिप्यांमधले ईमेल पत्ते २०१२च्या एका मानकापासून अधिकृतपणे शक्य आहेत. संशय आला म्हणजे पत्ता खोटा ठरत नाही.

असाच मोह पत्त्याचा साचा तपासताना होतो. इंटरनेटवर मिळणारे तयार नमुने फार कडक असतात. नावातला अपॉस्ट्रॉफी किंवा अधिक चिन्ह दिसलं की ते पत्ता चुकीचा ठरवतात, आणि ही दोन्ही चिन्हं तर नियमात बसतात. अ‍ॅटच्या आधीचा भाग ६४ अक्षरांपर्यंत, पूर्ण पत्ता २५४पर्यंत, अ‍ॅट एकच, डोमेनमध्ये, म्हणजे अ‍ॅटनंतरच्या भागात, किमान एक टिंब, एवढंच मी पाहिलं.

लहान-मोठ्या अक्षरांचाही एक नियम आहे. डोमेनच्या भागात फरक पडत नाही. अ‍ॅटच्या आधीच्या भागात मानकानुसार फरक पडू शकतो, पण प्रत्यक्षात जवळजवळ कोणतीच सेवा तो मानत नाही. म्हणून तुलनेसाठी सगळं लहान अक्षरांत केलेला वेगळा रकाना ठेवला आणि मूळ पत्ता तसाच राहू दिला. जीमेलच्या व्यक्तिगत पत्त्यांत नावामधल्या टिंबांना अर्थ नसतो, त्यामुळे तिथे बऱ्याच दुहेरी ओळी सापडल्या. हाच नियम कंपन्यांच्या डोमेनवर चालणाऱ्या गुगलच्या खात्यांना लागू नाही. तिथे टिंब बदललं की पत्ता बदलतो.

अधिक चिन्हाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. काही जण नावापुढे अधिक चिन्ह लावून एखादा शब्द जोडतात, म्हणजे पत्ता कुणी कुठून घेतला हे त्यांना नंतर कळतं. सफाईच्या नावाखाली तो शब्द कापून टाकायची पद्धत आहे. मी तो कापत नाही. समोरच्याने विचार करून दिलेला पत्ता आहे, तो दिला तसाच वापरायचा. शिवाय त्या शब्दातच पुष्कळदा प्रदर्शनाचं नाव असायचं, आणि माझा रिकामा स्रोताचा रकाना फुकटात भरायचा.

टायपिंगच्या चुकांवर मी जास्त वेळ दिला. जीमेलचं स्पेलिंग किती प्रकारे चुकतं ते अशी यादी हातात आल्यावरच कळतं. शेवटी "कॉम"ऐवजी "कॉन" असेल तर काळजी नाही. असं टोकाचं डोमेन अस्तित्वातच नसल्यामुळे ईमेल कुठेही पोचत नाही, परत येतो. पण "सीओएम"मधलं एक अक्षर गळून "सीओ" राहिलं तर ते कोलंबियाचं डोमेन असतं, "सीएम" राहिलं तर कॅमेरूनचं आणि "ओएम" राहिलं तर ओमानचं. अशा पत्त्यावर ईमेल परत येईलच असं नाही. दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर तो निमूटपणे घेतला जाऊ शकतो, आणि अशा चुकीच्या स्पेलिंगची डोमेनं मुद्दाम नोंदवून बसणारेही असतात. काही वाईट हेतूने, काही स्पॅम पाठवणारे पकडण्यासाठी. दुरुस्तीचा नियम मी असा ठेवला की दुसरा पुरावा हाताशी असेल तरच दुरुस्त करायचं. कार्डाचा फोटो, फॉर्ममधलं संस्थेचं नाव, जुना पत्रव्यवहार, यांपैकी काहीतरी हवं. नुसत्या अंदाजाने केलेली दुरुस्ती म्हणजे एकाच्या नावाचं पत्र भलत्याच माणसाला पाठवणं.

यानंतर डोमेनं. अकरा हजार पत्त्यांची डोमेनं त्या मानाने बरीच कमी भरतात, त्यामुळे हे काम पटकन उरकतं. प्रत्येक डोमेनची एमएक्स नोंद, म्हणजे त्याचा टपाल घेणारा सर्व्हर कोणता हे सांगणारी डीएनएसमधली (डोमेनांच्या सार्वजनिक नोंदवहीतली) नोंद, एका छोट्या स्क्रिप्टने काढली. एमएक्स नाही म्हणजे डोमेन मेलं, असं लगेच म्हणता येत नाही. मानकानुसार एमएक्स नसेल तर पाठवणाऱ्याने त्या डोमेनच्या स्वतःच्या सर्व्हरवरच प्रयत्न करायचा असतो. मात्र २०१५मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार एमएक्सच्या जागी नुसतं टिंब असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे: इथे ईमेल घेतला जात नाही. असे पत्ते कोणतीही शंका न घेता काढले. विकायला काढलेल्या डोमेनांवरही एमएक्स असू शकतो, म्हणून ज्या डोमेनवर आमचे अनेक पत्ते होते त्यांच्या वेबसाइट प्रत्यक्ष उघडून पाहिल्या. काही संस्था दुसऱ्या संस्थांत विलीन झाल्या होत्या. त्यांचे जुने पत्ते अजून पुढे पाठवले जात असतील, पण त्या माणसांना जुन्या संस्थेच्या नावाने लिहिणं शोभलं नसतं.

आता तो रिकामा रकाना. स्रोत भरायला मी एकेका सहकाऱ्याला घेऊन बसले आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने विचारत गेले: हे पत्ते कुठून आले, कधी आले, तेव्हा त्या माणसाला आपण काय सांगितलं होतं? फाइलमध्ये खुणा असतातच. सलग शंभर ओळींत फोन नंबर लिहायची पद्धत एकच असेल तर त्या एकाच हाताने टाइप केलेल्या असतात. तारखेचं स्वरूप बदललं की स्रोत बदललेला असतो. प्रदर्शनांचे गठ्ठे असे ओळखू आले, संपर्क-सॉफ्टवेअरचे त्यातल्या क्रमांकांवरून ओळखले.

विकत घेतलेला गठ्ठाही ओळखू आला. त्यातले पत्ते नाव, टिंब, आडनाव अशा एकाच साच्यात ओतलेले होते. संस्था कोणतीही असो, साचा तोच. म्हणजे माणसांची नावं कुठूनतरी घेऊन पत्ते तयार केलेले होते. मधूनच अ‍ॅब्यूज आणि पोस्टमास्टर असलेही पत्ते होते. हे पत्ते तक्रारी आणि सर्व्हरच्या अडचणी घेण्यासाठी असतात. त्यांच्यावर कुणी सॉफ्टवेअरची ओळख पाठवत नाही.

नमुना म्हणून त्यातले काही पत्ते मी एका सेवेच्या मोफत कोट्यात तपासून पाहिले. बरेच चालू निघाले. सरांनी तो निकाल पाहिला आणि म्हणाले, "चालू आहेत ना? मग अडचण काय?"

मी म्हटलं, "सर, चालू आहेत. पण यांना आपण का लिहितोय, हे आपल्यातल्या कुणालाच सांगता येत नाही."

त्यांना हे लगेच पटलं नाही, आणि तसं होणं रास्त होतं. पैसे गेलेले होते. म्हणून मी त्यांना स्पॅम ट्रॅपबद्दल सविस्तर सांगितलं. स्पॅम ट्रॅप म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी ठेवलेला पत्ता. एक प्रकार असा की तो कुठल्याही माणसाने कधीच वापरलेला नसतो, वेबपानांत लपवून ठेवलेला असतो. तिथे ईमेल आला म्हणजे पाठवणाऱ्याने पत्ते यंत्राने गोळा केले किंवा गोळा करणाऱ्याकडून विकत घेतले, हे उघड होतं. दुसरा प्रकार जुन्या, सोडून दिलेल्या पत्त्यांचा. असा पत्ता काही काळ ईमेल नाकारतो, आणि मग पुन्हा जागा करून सापळा म्हणून वापरला जातो. जो त्या नाकारण्याकडे लक्ष न देता पाठवत राहतो, तो त्यात सापडतो. स्पॅमहाउससारखी संस्था १९९८पासून अशा पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवते आहे, आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या याद्या पाहून ईमेल घ्यायचा की नाही ते ठरवतात.

आता व्हेरिफायरच्या नजरेतून पाहा. सापळा हा चालू मेलबॉक्स असतो. तो ईमेल घेतो. त्यामुळे व्हेरिफायर त्याला हिरवाच दाखवणार. काही सेवा माहीत असलेले सापळे गाळतात, पण चांगल्या सापळ्याचा सगळा उपयोगच तो कुणाला माहीत नसण्यात आहे. विकत घेतलेली यादी यातून कुठल्याही सेवेने स्वच्छ होत नाही.

पत्त्याचा मालक बदलण्याचाही प्रश्न आहे. २०१३मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना देऊ केली होती. तेव्हा जुन्या यादीतला एखादा याहूचा पत्ता आज चालू असला तरी त्यामागे तोच माणूस आहे, असं धरता येत नाही. गुगल दोन वर्षं न वापरलेली व्यक्तिगत खाती डिसेंबर २०२३पासून काढून टाकू लागलं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात मिळालेला व्यक्तिगत पत्ता आज एक तर बंद असू शकतो किंवा दुसऱ्याच कुणाचा.

तो गठ्ठा पूर्ण बाद झाला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: स्रोत सांगता येत नाही.

स्रोताचा उपयोग कायद्यालाही आहे. अमेरिकेतल्या २००३च्या कायद्यानुसार व्यापारी ईमेल पाठवायला आधी संमती लागत नाही, पण विषयाची ओळ फसवी नको, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, आणि नको म्हणणाऱ्याला कामकाजाच्या १० दिवसांत थांबवावं लागतं. कॅनडात १ जुलै २०१४पासून लागू असलेला कायदा संमती मागतो. संस्थेने आपला पत्ता उघडपणे प्रसिद्ध केला असेल, "जाहिराती पाठवू नका" असं शेजारी लिहिलेलं नसेल आणि ईमेलचा विषय त्या माणसाच्या कामाशी जोडलेला असेल, तर ती संमती गृहीत धरता येते. युरोपात देशागणिक नियम वेगळे आहेत, आणि नाव असलेला ऑफिसचा पत्ता तिथे व्यक्तिगत माहितीत मोडतो. म्हणून देशाचा रकाना घातला. संपर्क पानावरून घेतलेल्या पत्त्यांसाठी पानाचा दुवा आणि पाहिल्याची तारीखही लिहायला लागले. देश कळत नसेल तिथे कडक नियम धरला.

आणि नको म्हणणारे. यांची यादी एका जागी नव्हतीच. काही जुन्या पाठवण्याच्या साधनात होते, काही सामायिक इनबॉक्समधल्या "कृपया पुन्हा पाठवू नका" अशा उत्तरांत, काही फक्त सरांच्या लक्षात. सगळे गोळा केले आणि एक कायमची मनाई-यादी केली. इथे एक गोष्ट जपावी लागते. या माणसांची नोंद पुसून टाकायची नसते. पुसली तर पुढच्या प्रदर्शनाच्या कार्डांबरोबर तोच पत्ता पुन्हा आत येतो, आणि ज्याने स्पष्ट नाही म्हटलं होतं त्यालाच आपण परत लिहितो. म्हणून पत्ता मनाई-यादीत राहतो, बाकीची माहिती जाते.

आता कुठे व्हेरिफायरची पाळी आली. ही पडताळणी आतून कशी चालते हे आधी समजून घेतलं. ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवायच्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. तिच्या १९८२च्या मूळ मानकात "हा माणूस तुमच्याकडे आहे का" असं थेट विचारायची व्हीआरएफवाय नावाची आज्ञाच होती. स्पॅम पाठवणाऱ्यांनी तिचा इतका गैरवापर केला की आज बहुतेक सर्व्हर तिला नकार देतात किंवा २५२ असं मोघम उत्तर देतात. त्याचा अर्थ: सांगू शकत नाही, पण पाठवलंत तर प्रयत्न करू. म्हणून व्हेरिफायर आडवळणाने जातात. सर्व्हरशी बोलणं सुरू करतात, आपण कोण ते सांगतात, पाठवणाऱ्याचा पत्ता देतात, मग घेणाऱ्याचा पत्ता देतात आणि उत्तर ऐकून घेतात. २५० आलं तर पत्ता स्वीकारला, ५५० आलं तर नाकारला. ईमेलचा मजकूर पाठवायच्या आधीच ते निरोप घेतात.

हे आपणच स्क्रिप्ट लिहून करावं असं माझ्या मनात होतं. आमचे सर्व्हर सांभाळणारा सहकारी म्हणाला, "करू नकोस. आपल्याच आयपीवर डाग लागेल." आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या सर्व्हरचा क्रमांक. त्याचं म्हणणं बरोबर होतं. अशा कामाला २५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना ईमेल देतात ते दार, लागतो, आणि बहुतेक क्लाउड सेवा आणि घरगुती जोडण्या तो बंद ठेवतात. पोर्ट उघडा असला तरी, समोरच्या सर्व्हरच्या दृष्टीने पुन्हा पुन्हा येऊन नावं विचारून निघून जाणारा म्हणजे पत्ते चोरायला आलेलाच. तसा शिक्का बसला असता तर आमची रोजची खरी पत्रंही अडकली असती.

म्हणून पैसे देऊन सेवा घेतली. निवडताना दर शेवटी पाहिला. आधी विचारलं की दिलेली यादी किती दिवस ठेवता, कशी पुसता, करार देता का, आणि निकालाबरोबर सर्व्हरचं मूळ उत्तर दाखवता का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं की मी ती सेवा सोडून दिली.

मूळ उत्तराचा आग्रह का, ते निकाल आल्यावर कळतं. "अवैध" म्हणून आलेल्या सगळ्यांना ५५० मिळालं होतं, पण त्यापुढचा तीन आकड्यांचा तपशील वेगळा होता. ५.१.१ म्हणजे असा मेलबॉक्स नाही. ५.७.१ म्हणजे धोरणामुळे नाकारलं, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की विचारणाऱ्या सेवेच्या आयपीवर त्या सर्व्हरचा विश्वास नाही. पत्ता धडधाकट असू शकतो. ५.१.१वाले काढले, ५.७.१वाले "अनिश्चित"मध्ये टाकले. नुसता लाल-हिरवा निकाल मिळाला असता तर चांगली माणसं हकनाक गेली असती.

"माहीत नाही" असा शेरा मिळालेल्यांचा ढीग मोठा होता. त्यात बरेच ग्रेलिस्टिंगचे होते. अनोळखी पाठवणाऱ्याला सर्व्हर आधी ४ने सुरू होणारं तात्पुरतं उत्तर देतो: आत्ता नाही, थोड्या वेळाने ये. खरा मेल सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारा बहुधा येत नाही, या अनुभवावर ही युक्ती बेतलेली आहे आणि २००३पासून ती प्रचारात आहे. अशा पत्त्यांची फेरतपासणी काही तासांनी करून घेतली आणि बऱ्याच ओळींना स्पष्ट उत्तर मिळालं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कॅच-ऑल डोमेनांनी. अशी डोमेनं अ‍ॅटच्या आधी काहीही लिहिलेला पत्ता स्वीकारतात. सेवा एखादा अर्थहीन पत्ता बनवून विचारते, तोही स्वीकारला गेला की डोमेन कॅच-ऑल. मग त्या डोमेनवरच्या कोणत्याच पत्त्याबद्दल खात्रीने काही म्हणता येत नाही. मोठ्या संस्थांमध्ये दारात सुरक्षेचा गेटवे असतो. तो आधी सगळं आत घेतो आणि मेलबॉक्स नसेल तर नंतर ईमेल परत पाठवतो. म्हणजे पडताळणीत हिरवा आणि पाठवल्यावर बाउन्स. काही सेवा इथे शेकड्यात गुण देतात. मला त्या गुणांवर निर्णय घ्यायचा नव्हता, कारण तो अंदाज कशावरून बांधला हे त्या सांगत नाहीत.

म्हणून कॅच-ऑलसाठी हाताने काम केलं. ज्या प्रयोगशाळा आमच्या खरोखर उपयोगाच्या, त्यांच्या वेबसाइटवर तो माणूस अजून आहे का ते पाहिलं, नाहीतर सरळ स्वागतकक्षाला फोन केला. कुठून बोलतोय आणि कशासाठी, हे स्वच्छ सांगितलं तर लोक मदत करतात. एका ठिकाणी तर "ते निवृत्त झाले, आता गुणवत्ता विभागाच्या बाई हे बघतात, त्यांनाच देते," म्हणून फोनच जोडून दिला. त्या संस्थेला मग कोल्ड ईमेल पाठवायची गरजच उरली नाही.

इन्फो, सेल्स, सपोर्ट असे पदाचे पत्ते सरसकट काढावेत, असं जवळजवळ सगळीकडे वाचायला मिळतं. अशा नावांची यादी १९९७च्या एका मानकात आहे आणि सेवाही त्यांना वेगळा शेरा देतात. मला हा सल्ला आंधळा वाटतो. कॅलिब्रेशन किंवा क्वालिटी नावाचा पत्ता एखाद्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केला असेल, तर आमच्या विषयासाठी त्याहून योग्य पत्ता कोणता? तो ठेवला. पोस्टमास्टर, अ‍ॅब्यूज, नो-रिप्लाय गेले. इन्फो फक्त छोट्या संस्थांचे ठेवले, जिथे तो पत्ता मालकच वाचतो. तात्पुरते वापरून टाकायचे पत्ते अर्थातच गेले.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये "ईमेल उघडला" अशी नोंद असलेले पत्ते जिवंत धरावेत, असा एक विचार पुढे आला होता. तो मी मानला नाही. ईमेलमधलं चित्र उतरवलं गेलं की ही नोंद होते. सप्टेंबर २०२१पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप माणसाने ईमेल वाचला नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, आणि संस्थांचे सुरक्षा-स्कॅनर दुव्यांवर स्वतः क्लिकही करतात. उघडलं म्हणजे वाचलं असं राहिलेलं नाही. उत्तर आलं असेल तरच तो पुरावा.

शेवटी हातात राहिली ती यादी मूळच्या एक-तृतीयांशाहून कमी होती. त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे स्रोत, तारीख आणि आपण का लिहितोय याचं एक वाक्य होतं. सर सुरुवातीला आकड्याने नाराज होते. मी त्यांना फेब्रुवारी २०२४पासूनचे गुगल आणि याहूचे नियम दाखवले. मोठ्या संख्येने (गुगलच्या हिशेबात जीमेलवर दिवसाला सुमारे ५००० किंवा जास्त) ईमेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे ईमेल खरंच त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सोयी, तिन्ही हवेत, एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅम म्हणून झालेल्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. गुगलचा सल्ला तर ०.१च्या खाली ठेवायचा. आम्ही ५०००च्या जवळपासही जात नाही, पण ०.१ टक्का म्हणजे हजारात एक. आमच्यासारख्या छोट्या पाठवणाऱ्याला दोन-तीन चिडलेली माणसं पुरेशी आहेत. अ‍ॅमेझॉनच्या ईमेल सेवेत बाउन्सचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली येतं आणि १०वर गेलं की पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. जुनी यादी तशीच पाठवली असती तर आम्ही ही रेघ पहिल्याच दिवशी ओलांडली असती, हे बाद झालेल्या ओळींच्या संख्येवरूनच दिसत होतं.

पाठवायला सुरुवात केली ती थोड्याथोड्या पत्त्यांच्या तुकड्यांनी. परत आलेला प्रत्येक ईमेल मी स्वतः वाचला. आमचं पाठवण्याचं साधन सगळ्यांना "हार्ड बाउन्स", म्हणजे कायमचे परत आलेले, म्हणून एका टोपलीत टाकत होतं. त्यात ५.२.२ होते, म्हणजे मेलबॉक्स भरलेला. माणूस तिथे आहे किंवा नाही, काही दिवसांनी एकदा पाहायचं. एका संस्थेचे सगळे पत्ते ५.७.१ने परत आले होते आणि साधनाने त्यांना कायमचं मृत ठरवलं होतं. त्यांच्या आयटी विभागाशी बोलल्यावर कळलं की बाहेरून येणाऱ्या ओळखीच्या नसलेल्या डोमेनांना तिथे आधी थांबवतात. पत्ते सगळे बरोबर होते.

आपोआप येणाऱ्या उत्तरांतून सगळ्यात चांगली माहिती मिळाली. "मी आता या संस्थेत नाही, अमुक विभागाशी संपर्क साधावा." जुना पत्ता बाद केला आणि नवा पत्ता स्रोतासह वेगळी ओळ म्हणून लिहिला. त्यांना आधीचाच ईमेल ढकलला नाही. तुमचा पत्ता आम्हाला कसा मिळाला, हे पहिल्या वाक्यात सांगून नवं पत्र लिहिलं. अशा पत्रांना उत्तरं चांगली येतात, नकारसुद्धा सभ्य येतात.

यादी जुनी होत राहते. माणसं नोकऱ्या बदलतात, संस्था डोमेन बदलतात. म्हणून प्रत्येक ओळीत पडताळणीची तारीख आहे आणि ती तीन महिन्यांहून जुनी असेल तर पाठवण्याआधी पुन्हा तपासायचं ठरलं आहे. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये डोमेनचं स्पेलिंग चुकलं तर तिथल्या तिथे विचारणारी सोय सहकाऱ्याने बसवली. प्रदर्शनात कार्ड घेतल्याबरोबर समोरच्याला एक छोटा ईमेल जातो, तो परत आला तर माणूस समोर असतानाच पत्ता दुरुस्त होतो. स्रोताचा रकाना रिकामा ठेवून नवी ओळ आता शीटमध्ये घालताच येत नाही. ही शेवटची अट सरांनीच सुचवली.

कॅच-ऑलचा ढीग अजून संपलेला नाही. त्यातल्या ज्या प्रयोगशाळा आमच्या कामाच्या आहेत त्यांची वेगळी शीट करून ठेवली आहे, आणि रोज सकाळी ईमेल उघडण्याआधी त्यातले काही फोन मी करते.